माळढोक, नेवासा आणि ८,४९६ चौ.किमी.

एरवी इथे आपण एखादा पेपर घेतो आणि तो उलगडत जातो. या वेळी सुरुवातीला फक्त एक आकडा घेऊ: ८,४९६ चौरस किलोमीटर. १९७९ साली महाराष्ट्र शासनाने माळढोक पक्ष्यासाठी जे अभयारण्य जाहीर केलं, त्याचं हे क्षेत्रफळ. सोलापूर जिल्ह्यातले उत्तर सोलापूर, मोहोळ, माढा, करमाळा आणि तेव्हाच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातले कर्जत, श्रीगोंदा, नेवासा, अशा सात तालुक्यांतली जमीन त्यात आली. तुम्ही वन्यजीव किंवा परिसंस्थेवर काम करायचं ठरवलं असेल, प्रपोजल लिहायला बसला असाल, तर हा किंवा असाच एखादा आकडा तुमच्या ‘अभ्यासक्षेत्र’ या मथळ्याखाली येऊन बसणारच. तो तिथे बसवण्याआधी नीट वाचायचा कसा, ते बघू.

आधी त्याचं आकारमान डोळ्यांसमोर आणा. अख्खं गोवा राज्य ३,७०२ चौ.किमी. आहे. म्हणजे हे अभयारण्य दोन गोवे सहज पोटात घेऊन वर शिल्लक राहतं. सोलापूर आणि अहिल्यानगर या दोन्ही जिल्ह्यांची मिळून जी जमीन आहे, तिच्या पाव हिश्शाहून जास्त जमीन एका पक्ष्याच्या नावावर कागदोपत्री लागली होती. त्यात गावं होती, बाजारपेठा होत्या, महामार्ग होते, उसाचे फड होते. अशा जागेला आपण मराठीत सहजपणे ‘अभयारण्य’ म्हणतो, आणि त्या शब्दात ‘अरण्य’ असल्यामुळे वाचणाऱ्याच्या मनात झाडं उभी राहतात, हा आणखी एक घोळ. माळढोकाला झाडी नकोच असते. त्याला उघडा, गवताळ, दूरवर नजर जाणारा माळ लागतो.

आता या सात तालुक्यांपैकी मुद्दाम नेवासा घेऊ. नेवासा म्हटलं की बहुतेकांना ज्ञानेश्वरी आठवते, पैस खांब आठवतो, शनिशिंगणापूर आठवतं. भूगोल कमी जणांना आठवतो. या तालुक्यातून प्रवरा वाहते आणि प्रवरासंगमाला गोदावरीला मिळते. नदीकाठची जमीन काळी, कसदार. डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलिया यांनी १९५४ ते १९५६ या काळात नेवाशाला प्रवरेकाठी उत्खनन केलं तेव्हा ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांच्या वस्तीचे अवशेष मिळाले. म्हणजे इथल्या काठावर तीन हजारांहून जास्त वर्षं माणूस राहतोय, पिकवतोय. त्यात राहुरी तालुक्यातलं मुळा धरण झालं आणि त्याचा उजवा कालवा नेवाशातून शेवगाव-पाथर्डीकडे निघाला. ऊस वाढला. सोनईला आणि भेंड्याला सहकारी साखर कारखाने आहेत. पलीकडे पैठणचं जायकवाडी धरण १९७६ मध्ये पूर्ण झालं आणि त्याच्या फुगवट्याचं पाणी नेवासा तालुक्याच्या हद्दीपर्यंत आलं.

तारखा शेजारी शेजारी ठेवून बघा. कालव्याचं पाणी आणि ऊस तालुक्यात येतोय त्याच काळात, १९७९ मध्ये, हाच तालुका कोरडवाहू माळावरच्या पक्ष्यासाठी राखीव म्हणून जाहीर होतो. आणि १९८६ मध्ये जायकवाडीच्या फुगवट्याभोवती सुमारे ३४१ चौ.किमी.चं पक्षी अभयारण्य जाहीर होतं, त्यातही नेवाशाचा भाग येतो. एकाच तालुक्याच्या नकाशावर एक अभयारण्य माळाच्या पक्ष्याचं आणि एक पाणपक्ष्यांचं. दुसऱ्यात पक्षी खरोखर आहेत, कारण तिथे पाणी आहे. पहिल्याच्या बाबतीत माळ कुठे आणि किती उरलाय, हा प्रश्न नकाशा विचारतच नाही.

याचा अर्थ नेवाशात माळ नाही असा काढू नका. मुरमाड टेकाडं आहेत, गायरानं आहेत, सातबाऱ्यावर पोटखराबा म्हणून लागलेले तुकडे आहेत. पण कालव्याखालचा ऊस, प्रवरेकाठची काळी रानं आणि हे मुरमाचे माथे या तिन्ही गोष्टी एकाच रंगात रंगवल्या, की त्या रंगाला शास्त्रीयदृष्ट्या काही अर्थ उरत नाही. माझी तक्रार अभयारण्य मोठं होतं याबद्दल नाही. त्याची हद्द पक्ष्याच्या वावरावरून न आखता महसुली नकाशावरून आखली गेली, ही तक्रार आहे.

हे असं का झालं, ते समजून घेतल्याशिवाय टीका करणं सोपं पण अन्यायाचं होईल. १९७२ च्या दुष्काळानंतर अवर्षणप्रवण क्षेत्र कार्यक्रमात माळांवर झाडं लावायची कामं निघाली. सोलापूरजवळच्या नान्नजला त्यासाठी सुमारे शंभर हेक्टरांचा तुकडा निवडला गेला. त्याच परिसरात बी. एस. कुलकर्णी या सोलापूरच्या शिक्षक-पक्षीनिरीक्षकांनी माळढोक पाहिला होता आणि त्यांनी व वनखात्याच्या कर्मचाऱ्यांनी काही वर्षं सातत्याने नोंदी ठेवल्या. त्या नोंदींतून अभयारण्याची मागणी पुढे आली. एका शिक्षकाच्या चिकाटीने एवढं व्हावं ही मोठीच गोष्ट आहे, आणि संशोधन म्हणजे फक्त प्रयोगशाळा असं वाटणाऱ्यांनी ती लक्षात ठेवावी. पण नोंदी मुख्यतः नान्नजच्या. त्यांच्या आधारावर उभी राहिलेली हद्द सात तालुक्यांची. नमुना एका ठिकाणचा आणि निष्कर्ष सगळीकडे लागू, असं तुम्ही तुमच्या प्रबंधात केलंत तर व्हायव्हाला पहिला प्रश्न त्यावरच येईल.

मोठ्या हद्दीच्या बाजूने एक चांगला युक्तिवाद आहे, तोही मांडतो. माळढोक एका जागी बसणारा पक्षी नाही. मीटरभर उंच, नराचं वजन पंधरा किलोपर्यंत जाऊ शकतं, आणि मोसमाप्रमाणे तो लांब लांब फिरतो. विणीला त्याला शांत गवताळ माळ लागतो, पण चरायला तो ज्वारी, हरभरा, भुईमूग, तुरीच्या रानातही जातो. नाकतोडे, भुंगेरे, सरडे, बोरं, धान्य, सगळं खातो. त्यामुळे फक्त कुंपणातल्या कुरणापुरतं संरक्षण देऊन भागणार नव्हतं. भोवतालची कोरडवाहू शेतीही त्याच्या अधिवासाचा भाग होती. त्या काळी पक्ष्याच्या पाठीवर बसवायचे सॅटेलाइट टॅग नव्हते, घरबसल्या बघायला उपग्रहाचे नकाशे नव्हते. माहिती नसेल तर हात सैल ठेवून मोठी रेघ ओढावी, ही सावधगिरी समजण्यासारखी आहे.

अडचण अशी, की पक्ष्याला कोरडवाहू शेती हवी होती आणि शासनाच्या हातात हत्यार होतं ते १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातल्या अभयारण्याचं. ते हत्यार वनजमिनीसाठी घडवलेलं. त्या कायद्याचं विसावं कलम एकदा तरी स्वतः वाचा. अधिसूचना निघाल्यानंतर त्या हद्दीतल्या जमिनीवर वारसाहक्क सोडून दुसरा कुठलाही नवा हक्क निर्माण होऊ शकत नाही, असा त्याचा आशय आहे. जंगलात हे ठीक. पण सात तालुक्यांतल्या खासगी शेतजमिनीवर हे लागू झालं की खरेदीखत अडतं. मुलीच्या लग्नासाठी एकर-दोन एकर विकायची सोय राहत नाही. ज्याने उभ्या जन्मात माळढोक पाहिला नाही त्या शेतकऱ्याच्या सातबाऱ्यात तो येऊन बसतो.

बरं, कायद्याने शेतकऱ्याला अडवलं ते जमीन विकण्यापासून. ज्वारी मोडून ऊस लावण्यापासून त्याला कोण अडवणार होतं? पक्ष्याला नडणारी गोष्ट नेमकी तीच होती. विहिरी, बोअर, कालवे वाढले, सोलापूरकडे उजनीचं पाणी आलं, आणि नान्नज आज द्राक्षांसाठी ओळखलं जातं. द्राक्षाच्या मांडवाखाली माळढोक चरत नाही. म्हणजे ज्या बदलाने पक्षी जायचा तो बदल सुरू राहिला आणि ज्याने पक्ष्याचं काही बिघडत नव्हतं ते व्यवहार अडले. वर लोकांच्या मनात हिशेब तयार झाला तो असा, की हा पक्षी गेला तर आपली जमीन सुटेल. संवर्धनाच्या कुठल्याही आखणीत यापेक्षा वाईट हिशेब तयार होऊ शकत नाही.

पुढे हद्द कमी करण्याची मागणी झाली, तर तेही सोपं राहिलं नव्हतं. २००० साली सर्वोच्च न्यायालयाने आपल्या परवानगीशिवाय अभयारण्यं आणि राष्ट्रीय उद्यानं कमी करायला मनाई केली होती. समित्या, अहवाल, सुनावण्या यांत वर्षं गेली आणि शेवटी क्षेत्र सुमारे १,२२२ चौ.किमी.वर आलं. मूळ आकड्याचा साधारण सातवा हिस्सा. तोवर पक्ष्यांची संख्याही घसरून नान्नजला एखाद-दुसरा माळढोक दिसला तरी बातमी व्हावी, अशी वेळ आली.

आता पद्धतीकडे वळू, कारण इथले बरेच वाचक त्यासाठी येतात. समजा एखाद्या वर्षी नान्नजच्या आसपासच्या राखीव कुरणांत २० माळढोक मोजले गेले. (आकडा फक्त उदाहरणापुरता.) कुणीतरी उत्साहाने घनता काढतो: ८,४९६ भागिले २०, म्हणजे सुमारे ४२५ चौ.किमी.मागे एक पक्षी. हे गणित बरोबर आहे आणि निरर्थक आहे. वरचा आकडा काही शे हेक्टर कुरणांतून आलाय, खालचा सात तालुक्यांतून. ज्या जमिनीवर कुणी मोजायला गेलंच नाही ती छेदात घालायचा तुम्हाला अधिकार नाही. आणि ‘नेवाशात माळढोक नाही’ हे वाक्यसुद्धा जपून लिहा. तिथे कुणीतरी ठरलेल्या पद्धतीने, ठरलेल्या मोसमात, पुरेशा वेळा शोधलं आणि सापडला नाही, हे एक विधान. तिथे कुणी शोधलंच नाही, हे दुसरं. अहवालांत दोन्हीसाठी शून्यच लिहिलेलं असतं.

थरच्या वाळवंटात भारतीय वन्यजीव संस्थेने जे सर्वेक्षण केलं त्यात प्रदेश १४४ चौ.किमी.च्या चौकोनांत, म्हणजे १२ किमी बाय १२ किमी, वाटून घेतला आणि चौकोना-चौकोनात गाडीने ठरावीक रेघांवर फिरून नोंदी केल्या. तीच फूटपट्टी इथे लावली तर ८,४९६ चौ.किमी.चे बरोबर ५९ चौकोन होतात. नेवासा तालुक्याच्या वाट्याला त्यातले नऊ-दहा येतील. ५९ चौकोन म्हणजे न झेपणारं काम नाही. एक छोटी टीम दोन हिवाळ्यांत करू शकते. अशी मोजणी आधी करून मग रेघ ओढली असती तर ती कुठून कुठे गेली असती, हा प्रश्न निदान मला तरी सोडवत नाही.

मोठं वाईट आणि छोटं चांगलं, असा सोपा धडा मात्र घेऊ नका. कर्जत तालुक्यातच रेहेकुरीला १९८० मध्ये काळविटांसाठी अभयारण्य झालं, क्षेत्रफळ अवघं २.१७ चौ.किमी. तिथे काळवीट टिकलं, वाढलं. पण काळविटाचा कळप तेवढ्यात काही प्रमाणात भागवू शकतो, आणि भागलं नाही की शेजारच्या रानात जातो. तिथे शेतकऱ्याच्या पिकाचं नुकसान होतं. मध्य प्रदेशातल्या करेराला १९८१ मध्ये माळढोकासाठी अभयारण्य झालं, २०२ चौ.किमी.चं. तिथे संरक्षणामुळे काळविटं वाढली, त्यांनी पिकं खाल्ली, जमिनीच्या व्यवहारांवरच्या बंधनांनी लोक आधीच वैतागले होते, आणि ज्याच्यासाठी सगळं केलं तो माळढोक नव्वदच्या दशकात तिथून नाहीसा झाला. करेरा आपल्यापेक्षा चाळीसपट लहान होतं, तरी गोष्ट जवळजवळ तीच घडली. तेव्हा दोष फक्त आकारात शोधून चालणार नाही. तो शेतकऱ्याला व्यवहारात घेतलंच नाही, यात जास्त आहे.

वाचायला एक पेपर सुचवतो आणि त्याच्यावर थोडं बोलतो. सुतीर्थ दत्ता, असद रहमानी आणि यादवेंद्रदेव झाला यांचा २०११ चा ‘रनिंग आउट ऑफ टाइम?’, युरोपियन जर्नल ऑफ वाइल्डलाइफ रिसर्चमधला. त्या वेळी जगात सुमारे ३०० माळढोक उरले असावेत असा त्यांचा अंदाज होता. (आज तो आकडा दीडशेच्या खाली गेल्याचं मानलं जातं.) त्यांनी वेगवेगळ्या आकाराच्या गटांसाठी मॉडेल चालवून विचारलं, की माणसामुळे होणारे जादा मृत्यू वाढत गेले तर कुठला गट किती टिकेल. प्रौढ पक्ष्यांचे मृत्यू थांबवणं सगळ्यात निर्णायक, असा त्याचा रोख आहे.

हे समजायला मॉडेलही लागत नाही. मादी साधारणपणे विणीच्या मोसमात एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. समजा दहा पक्ष्यांचा गट आहे, त्यात पाच माद्या. पाच अंड्यांपैकी काही कुत्र्यांनी, कावळ्यांनी, मुंगसांनी नेली. दोन पिल्लं उडाली. त्यातलं एक वयात आलं. आता वर्षाला एकच प्रौढ पक्षी तारेला धडकून मेला तरी जमाखर्च बरोबरीत. दोन मेले की गट उताराला लागला.

या पेपरवर माझा आक्षेप छोटा आहे, पण तुम्ही तो शोधायला शिकलं पाहिजे. माळढोकाच्या जगण्या-मरण्याचे दर वर्षानुवर्षं खुणा लावून मोजलेले तेव्हा कुणाकडेच नव्हते. अशा वेळी मॉडेल त्रोटक नोंदींवर आणि जवळच्या जातींच्या माहितीवर चालवावं लागतं. त्यामुळे त्यातून निघणारी ‘इतक्या वर्षांत नामशेष होण्याची शक्यता’ ही संख्या तंतोतंत धरू नये. कुठला घटक हलवला की निकाल जास्त हलतो, ती दिशा धरावी. आणि आपल्या विषयाशी जोडून बघा: अशा मॉडेलमध्ये अभयारण्याचं क्षेत्रफळ थेट कुठेच नसतं. ते येतं ते अधिवासाच्या धारणक्षमतेतून, म्हणजे ही जागा किती पक्षी पोसू शकते त्यातून. भेंड्याच्या उसाची धारणक्षमता माळढोकासाठी शून्य. तेव्हा सरकारी आकड्यात तो ऊस असला काय नि नसला काय, पक्ष्याच्या नशिबात काडीचा फरक पडत नाही.

तारांचा मुद्दा निघालाच आहे तर राजस्थानकडे एक नजर टाकू, कारण तिथे नेवाशाचीच गोष्ट मोठ्या पडद्यावर दिसते. माळढोकाची नजर समोरच्या बाजूला कमी पडते, शरीर जड, त्यामुळे विजेची तार दिसली तरी वेळेत वळता येत नाही. थरच्या सुमारे ४,२०० चौ.किमी. भागात विजेच्या तारांमुळे वर्षाला सुमारे ८४,००० पक्षी मरत असावेत असा अंदाज २०२१ च्या एका पेपरने मांडला. हा आकडा कसा काढला, ते त्या पेपरमध्ये उघड लिहिलेलं आहे. तारांखालून चालत मेलेले पक्षी मोजले, कोल्ह्या-कुत्र्यांनी किती उचलून नेले असतील आणि गवतात किती नजरेतून सुटले असतील यासाठी दुरुस्ती केली, मग पूर्ण लांबीवर गुणलं. प्रत्येक पायरीवर तुम्ही भांडू शकता. १९७९ च्या आकड्याशी भांडायला पायऱ्याच नाहीत. चांगल्या आकड्याची माझी व्याख्या एवढीच आहे, की त्याच्याशी भांडता आलं पाहिजे.

त्याच वर्षी, एप्रिल २०२१ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने रणजितसिंह यांच्या याचिकेवर माळढोकाच्या क्षेत्रात उघड्या तारांवर निर्बंध घातले. त्याची व्याप्ती सुमारे ९९,००० चौ.किमी. होती. मार्च २०२४ मध्ये न्यायालयाने तो सरसकट आदेश मागे घेतला आणि नेमकी कुठे, कुठल्या तारा जमिनीखाली घ्यायच्या हे ठरवायला तज्ज्ञ समिती नेमली. आधी मोठी रेघ, मग माघार, आणि मधली वर्षं पक्ष्याच्या खात्यातून वजा. आपल्याकडे हेच घडून गेलं होतं. त्याचा नीट लिहिलेला, मोजमापासह असलेला अभ्यास कुणाच्या हाताशी असता तर कदाचित तिथे उपयोगी पडला असता.

परत नेवाशाकडे येऊ. माळाबद्दल आपल्या डोक्यात एक चुकीची समजूत खोल बसलेली आहे, की माळ म्हणजे उजाड झालेलं जंगल. याच समजुतीमुळे दुष्काळी कामांत माळांवर झाडं लावली गेली, नान्नजच्या माळावर बाहेरून आणलेली गिरिपुष्पाची झाडं उभी राहिली आणि नंतर पक्ष्यासाठी ती काढायची वेळ आली. अशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील यांनी २०२५ मध्ये ‘पीपल अँड नेचर’ या नियतकालिकात एक वेगळाच अभ्यास छापला. जुनं मराठी साहित्य, लोकगीतं, ओव्या यांत येणाऱ्या झाडांच्या नावांवरून पश्चिम महाराष्ट्राचा माळ कसा होता ते त्यांनी तपासलं. बहुतेक उल्लेख माळरानावरच्या, भरपूर ऊन मागणाऱ्या झाडांचे निघाले, म्हणजे माळ शेकडो वर्षं जुना आहे, असं ते म्हणतात. मला निष्कर्ष पटतो. पद्धतीबद्दल मात्र एक शंका आहे. कवी जे झाड लिहितो ते त्याने समोर पाहिलेलंच असतं असं नाही. काही झाडं संकेत म्हणून येतात, काही देवामुळे येतात. बाभळीला आणि बेलाला ओवीत एकच वजन देता येईल का? १२९० मध्ये ज्या नेवाशात ज्ञानेश्वरी सांगितली गेली त्याच नेवाशात तळ्यातल्या गाळाचे थर, परागकण, जुनी बीजं यांच्याशी असे साहित्यिक उल्लेख ताडून बघता आले तर हा वाद पुढे जाईल. विज्ञान आणि मराठी, दोन्ही बरं असलेल्या कुणीतरी हे काम घ्यायला हवं.

तुम्ही नगर-सोलापूरकडचे असाल आणि विषय शोधत असाल, तर माळढोकाच्या मागे लागायलाच हवं असं नाही. महाराष्ट्रात तो इतका कमी उरलाय की त्याच्यावर प्रबंध लिहायला पुरेशी निरीक्षणंच मिळणार नाहीत. जैसलमेरच्या प्रजनन केंद्रात कृत्रिम रेतनातून पिल्लं होऊ लागली आहेत, पण ती सोडायला माळ लागणार, आणि तो प्रश्न आपल्याकडचाच आहे. नेवाशाचे ते नऊ-दहा चौकोन घ्या. प्रत्येकात उसाखाली किती, कोरडवाहू किती, मुरमाड माळ किती, ते उपग्रहाच्या चित्रावर आधी बघा. मग तलाठी कार्यालयात (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं) जाऊन गायरान म्हणून किती लागलंय आणि त्यातलं प्रत्यक्षात गवताखाली किती उरलंय ते ताडा. धाविक, चंडोल, लावा, खोकड, लांडगा यांच्या नोंदी दोन मोसम तरी करा. मेंढरं घेऊन फिरणाऱ्या धनगरांना विचारा, त्यांच्या वाटा नकाशावर उतरवून घ्या. माळ कुठे तुटला ते त्यांना आधी कळतं.

हे लवकर करायचं कारणही सांगतो. शेतीपंपांना दिवसा वीज मिळावी म्हणून सौर कृषी वाहिनी योजनेत सरकारी जमिनी, त्यात गायरानंही, सौर प्रकल्पांसाठी दिली जातायत. शेतकऱ्याला रात्री साप-विंचवात पाणी धरायला जावं लागू नये, ही गरज खरीच आहे, तिला विरोध करण्यात अर्थ नाही. पण कुठल्या गायरानावर धाविकाची अंडी आहेत आणि कुठलं आधीच बाभळीने भरून गेलंय, हे सांगणारा तक्ता आज जिल्हाधिकाऱ्यांच्या टेबलावर हवा आहे. तो करायला एक टू-व्हीलर, एक दुर्बीण, एक जीपीएस आणि दोन हिवाळे लागतात.